एका पानाचे धनी किती?

[नभोवाणीवरील भाषण]

संगणकाची स्मृति ही एक मालमत्ता आहे. आणि मालमत्ता म्हटली कीं तिचा हिशेब आलाच. आपल्या टेबलावरील संगणकांत काय किंवा खिशांतील फोनमध्यें काय, एकाच वेळीं शेंकडों कामें चालू असतात. पत्रें येतात, गाणें वाजत असतें, बँकेचा व्यवहार होत असतो, पडद्याच्या कोपऱ्यांत घड्याळ पुढें सरकत असतें. हीं सर्व कामें एकाच स्मृतींत शेजारीशेजारी नांदतात; एवढेंच नव्हे, तर पुष्कळदां तीं स्मृतीचा एकच तुकडा सामाइकपणें वापरतात. मग तो तुकडा कोणाचा? त्याचे वांटेकरी किती? एकानें आपला हक्क सोडला तर उरलेला वांटेकरी त्याचा एकटा धनी झाला असें समजावें कीं नाहीं? प्रश्न एखाद्या हिशेबनिसाचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर चुकलें तर एकाचें गुपित दुसऱ्याला वाचावयास मिळतें, किंवा आलेला मजकूर कोठें गेला तें कळत नाहीं. या दोन्ही प्रकारचे दोष प्रत्यक्षांत आढळले आहेत. आज त्या हिशेबाचीच हकीकत सांगावयाची आहे.

संगणकांतील सर्व कामांवर देखरेख ठेवणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमचा कर्नेल, म्हणजे गाभा, असें म्हणतात. असे कर्नेल अनेक आहेत. आपण उदाहरणादाखल लिनक्सचा घेऊं. हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकत असतांना लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं १९९१ सालीं तो प्रसिद्ध केला. आज इंटरनेटचा भार वाहणाऱ्या असंख्य यंत्रांत तो आहे, आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशींही तोच आहे. त्याचा सगळा मजकूर कोणालाही वाचावयास खुला असल्यामुळें त्याच्या हिशेबाची वही आपणांसही उघडून पाहतां येते.

कर्नेल स्मृतीचे सारखे भाग पाडतो. अशा एका भागास 'पान' म्हणतात. घरोघरच्या बहुतेक संगणकांत एक पान ४,०९६ बाइटांचें असतें. म्हणजे त्यांत सुमारें तेवढींच रोमन अक्षरें मावतात. १६ गिगाबाइट स्मृति असेल तर अशीं ४१,९४,३०४ पानें होतात. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, ज्यास प्रोसेस म्हणतात, असें भासविलें जातें कीं, सारी स्मृति जणूं त्याच्या एकट्याच्याच मालकीची आहे. प्रत्येक प्रोसेसच्या पानांचे क्रमांक तिचे स्वतःचे असतात. त्या क्रमांकाचें खरें पान कोणतें, हें एका तक्त्यांत लिहिलेलें असतें आणि तो तक्ता कर्नेलच्या ताब्यांत असतो. तक्त्यांतील अशा एका नोंदीस 'मॅपिंग' म्हणतात. आपण तिला जोडणी म्हणूं. दोन प्रोसेसांच्या दोन निरनिराळ्या तक्त्यांत एकाच खऱ्या पानाची जोडणी असूं शकते, आणि दोघींना एकमेकींची वार्ताही नसते.

पानें अशीं सामाइक ठेवण्याचें मोठें कारण म्हणजे प्रोसेसच्या जन्माची रीति. लिनक्समध्यें नवी प्रोसेस जन्मास येते ती जुन्या प्रोसेसची नक्कल म्हणून. त्यांना पालक आणि बालक अशींच नांवें आहेत. बालकाला पालकाचीं सारीं पानें मिळावयास हवींत. पण लाखों पानें उतरून काढावयाचीं तर वेळ फार जाईल, आणि पुष्कळदां बालक त्यांतील बहुतेक पानांस कधीं हातही लावणार नसतें. म्हणून कर्नेल पानांची नक्कल करीत नाहीं. अविभक्त कुटुंबाच्या इस्टेटीप्रमाणें तीं सामाइक ठेवतो, आणि प्रत्येक पानावर 'वाचावें, पण लिहूं नये' असा निर्बंध घालतो. पुढें दोघांपैकीं कोणी एखाद्या पानावर लिहूं लागला कीं, यंत्र तेथेंच थांबतें आणि कर्नेलला हांक मारतें. त्या क्षणीं कर्नेल विचारतो: या पानाचा आणखी कोणी वांटेकरी आहे काय? असेल तर लिहिणाराला स्वतंत्र नक्कल करून द्यावयाची. नसेल, तर नक्कल करण्यांत अर्थ नाहीं. निर्बंध उठवून तेंच पान त्याच्या स्वाधीन करावयाचें. या पद्धतीस 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. वांटणी होतेच, पण जेव्हां लागेल तेव्हां, आणि लागेल तेवढीच.

अँड्रॉइड फोनवर तर ही युक्ति पदोपदीं उपयोगी पडते. तेथें आपण उघडतों तीं ॲप्स 'झायगोट' नांवाच्या एका प्रोसेसपासून जन्म घेतात. जीवशास्त्रांत ज्या एका पेशीपासून सारा देह वाढतो तिचें हें नांव. सर्वांना लागणारी सामग्री ती एकदांच स्मृतींत आणून ठेवते आणि मागाहून जन्मणारीं तिचीं सर्व बालकें ती सामाइकपणें वापरतात.

आतां 'आणखी कोणी वांटेकरी आहे काय?' या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें कसें? प्रत्येक वेळीं सर्व प्रोसेसांचे तक्ते चाळीत बसणें परवडणारें नाहीं. म्हणून कर्नेल प्रत्येक खऱ्या पानासाठीं एक लहानशी नोंद ठेवतो. ही नोंद सामान्यतः ६४ बाइटांची असते. ६४ बाइट ही क्षुल्लक बाब वाटेल. पण १६ गिगाबाइटांच्या संगणकांत केवळ या नोंदींनाच २५६ मेगाबाइट स्मृति लागते. त्यामुळें तेथें एकेका बाइटाची काटकसर करावी लागते. या नोंदींत आपल्या विषयाचे दोन आंकडे आहेत. पहिला 'मॅपकाउंट', म्हणजे या पानाच्या जोडण्या किती. दुसरा 'रेफकाउंट', म्हणजे जोडणीनें असो वा अन्य कोणत्या निमित्तानें असो, हें पान धरून ठेवणारे एकंदर किती. प्रत्येक जोडणी दुसऱ्या आंकड्यांतही धरली जाते. मात्र दुसऱ्या आंकड्यांतील प्रत्येक जण पहिल्यांत असतोच असें नाहीं. हा भेद लक्षांत ठेवावा. पुढील सारी कथा त्याचीच आहे.

मॅपकाउंटची एक गंमत अशी कीं, तो ० पासून सुरू होत नाहीं. उणें १ पासून सुरू होतो. एकही जोडणी नसेल तर तेथें उणें १ असतो, एक जोडणी असेल तर ० आणि दोन असतील तर १. हा विक्षिप्तपणा नव्हे. कर्नेलच्या दृष्टीनें दोनच प्रसंग विशेष महत्त्वाचे: पहिली जोडणी लागणें आणि शेवटची जोडणी सुटणें. एक मिळविल्याबरोबर उत्तर शून्य आलें तर ती पहिली जोडणी. एक वजा केल्याबरोबर उत्तर उणें झालें तर ती शेवटची. बेरीज-वजाबाकीचें उत्तर शून्य आलें कीं उणें झालें, हें यंत्र आपण होऊन सांगतें. निराळी चौकशी करावी लागत नाहीं.

याहून महत्त्वाची काळजी दुसरीच आहे. आजच्या यंत्रांत अनेक प्रोसेसर एकाच वेळीं काम करीत असतात. दोन कारकून एकाच वहींत नोंद करीत आहेत अशी कल्पना करा. पहिल्यानें वहींत ५ हा आंकडा पाहिला. त्याच क्षणीं दुसऱ्यानेंही ५ च पाहिला. दोघांनींही आपापला एक मिळवून ६ लिहिला. माणसें दोन वाढलीं, आंकडा मात्र एकानेंच वाढला! हें टाळण्यासाठीं वाचणें, मिळविणें आणि लिहिणें या तिन्ही क्रिया मिळून मध्यें न तुटणारी एकच क्रिया करण्याची सोय प्रोसेसरांतच केलेली असते. ती खात्रीची असली तरी फुकटची नाहीं. अनेक प्रोसेसर एकाच आंकड्यामागें लागले तर त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागते.

मॅपकाउंटचा उपयोग केवळ वांटणीपुरता नाहीं. स्मृति अपुरी पडूं लागली कीं कर्नेल कांहीं पानें तेथून हालवितो. त्यापूर्वीं ज्या ज्या तक्त्यांत त्या पानाची जोडणी असेल ती ती शोधून तोडावी लागते. सर्व तुटल्या कीं नाहीं याची ग्वाही हाच आंकडा देतो. दुसरा उपयोग हिशेब दाखविण्याचा. समजा, चार प्रोसेस एकच पान वापरीत आहेत. प्रत्येकीच्या नांवावर ४,०९६ बाइट मांडले तर बेरीज १६,३८४ येईल. खर्च मात्र ४,०९६ चाच झालेला असेल. म्हणून २००८ पासून लिनक्स प्रत्येक प्रोसेसचा प्रमाणशीर वांटाही सांगूं लागला. जोडण्या चार असतील तर प्रत्येकीच्या नांवावर १,०२४ बाइट. अशा रीतीनें मांडलेली बेरीज खऱ्या खर्चाशीं जुळते.

येथपर्यंत सर्व ठीक आहे. आंकडा जपून मोजला जातो आणि अनेक कामीं येतो. पण एका ठिकाणीं हा बरोबर मोजलेला आंकडाच घातक ठरला. तो प्रसंग २०२० सालचा. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-पथकांतील यान हॉर्न यांनीं तो उघडकीस आणला.

प्रसंग समजण्यासाठीं एका जुन्या वाड्याची कल्पना करा. एका खोलींत दोन भाडेकरी राहतात. मालकानें नियम केला कीं, दारावरील पाट्या मोजावयाच्या. एकच पाटी उरली कीं खोली त्या एकट्याची समजावयाची. दुसऱ्या भाडेकऱ्यानें आपली पाटी काढून नेली, पण किल्ली परत केली नाहीं. मालकानें पाट्या मोजल्या. एक भरली, आणि ती संख्या अगदीं खरी होती. पहिल्या भाडेकऱ्यानें खोली आपली म्हणून निर्धास्तपणें तींत दागिने ठेवले. पुढें काय होणार तें सांगावयास नकोच.

लिनक्समध्यें हुबेहूब असेंच करतां येत होतें. पालक आणि बालक यांचें एक पान सामाइक आहे. बालकानें तें पान 'पाइप' नांवाच्या एका नळींत ठेविलें. लिनक्समध्यें अशी सोय आहे कीं, त्या वेळीं मजकुराची नक्कल होत नाहीं. नळी तेंच पान धरून राहते. ही झाली किल्ली. ती रेफकाउंटमध्यें मोजली जाते, मॅपकाउंटमध्यें नाहीं. मग बालकानें आपली जोडणी तोडून टाकली. ही झाली पाटी. जोडण्या उरल्या एक, पालकाची. पुढें पालक त्या पानावर लिहूं लागला. कर्नेलनें जोडण्या पाहिल्या, एकच आढळली. म्हणून नक्कल न करतां निर्बंध उठविला आणि तेंच पान पालकाला दिलें. पालकानें त्यावर आपला खाजगी मजकूर लिहिला. आणि बालकानें तो नळीच्या दुसऱ्या तोंडानें सुखानें वाचला! ज्या व्यवस्थेंत अनेक ॲप्स एकाच पालकापासून जन्म घेतात, तेथें ही गोष्ट किती गंभीर, हें निराळें सांगण्याची गरज नाहीं.

उपाय उघड होता: पाट्या मोजूं नका, किल्ल्या मोजा. लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं तसाच बदल केला आणि ऑक्टोबर २०२० मध्यें निघालेल्या ५.९ या आवृत्तींत तो अंमलांत आला. पान धरणारा एकंदर एकच असेल तरच तेंच पान द्यावें; एरवीं नक्कल करावी. यामुळें चोरीची वाट बंद झाली. परंतु किल्ल्या काय केवळ भाडेकऱ्यांजवळच असतात? सुताराजवळ असते, झाडलोट करणाराजवळ असते, आणि भाडेकऱ्यानेंच सामान आणावयास धाडलेल्या हमालाजवळही असते.

या हमालाचीच अडचण झाली. डिस्क किंवा नेटवर्क यांचीं यंत्रें पुष्कळदां प्रोसेसरच्या मध्यस्थीवांचून थेट स्मृतीच्या पानावर मजकूर आणून टाकतात. तें चालू असेपर्यंत पान हलूं नये म्हणून तें जागच्या जागीं धरून ठेवलेलें असतें. अर्थात् रेफकाउंट वाढलेला असतो. अशा वेळीं निर्बंध असलेल्या त्या पानावर त्याच प्रोसेसनें कांहीं लिहिलें, तर नव्या नियमाप्रमाणें कर्नेलला धरणारे दोन दिसत. तो म्हणे, 'हें पान सामाइक आहे. तूं ही नवी नक्कल घे.' प्रोसेस नव्या पानावर गेली. यंत्र मात्र आपला मजकूर जुन्याच पानावर टाकीत राहिलें. भाडेकऱ्याला नव्या खोलींत हलविलें आणि त्यानें मागविलेला माल हमाल जुन्या खोलींत टाकून गेला! पहिल्या दोषानें गुपित फुटत होतें. दुसऱ्यानें मजकूर हरवूं लागला.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन्ही वेळां मोजण्यांत चूक नव्हती. पाट्या बरोबर मोजल्या होत्या, किल्ल्याही बरोबर मोजल्या होत्या. चूक होती ती त्या आंकड्यांना नको तो प्रश्न विचारण्यांत. 'जोडण्या किती?' आणि 'धरणारे किती?' हे दोन प्रश्न आहेत; आणि कर्नेलला हवें होतें तें तिसऱ्याच प्रश्नाचें उत्तर: 'हें पान खात्रीनें या एकाच प्रोसेसचें आहे काय?'

या तिसऱ्या प्रश्नाला स्वतंत्र उत्तर मिळालें तें २०२२ सालीं, ५.१९ या आवृत्तींत. त्या वेळीं रेड हॅट कंपनींत असलेले डेव्हिड हिल्डनब्रँड यांनीं प्रोसेसच्या खाजगी पानांच्या नोंदींत एक लहानशी खूण घातली. 'हें पान अनन्य, एकाच्याच मालकीचें' असा तिचा अर्थ. पान नव्यानें दिलें जातें तेव्हां खूण असते. बालक जन्मतांना पान सामाइक झालें कीं खूण पुसली जाते. एखादें पान यंत्राच्या कामासाठीं जागच्या जागीं धरून ठेवलेलें असेल, तर खूण न पुसतां बालकालाच त्या वेळीं स्वतंत्र नक्कल करून देतात. आणि खूण नसलेलें पान अशा कामासाठीं कोणी मागितलें, तर आधीं त्याची वांटणी उरकून मगच तें दिलें जातें. लिहिण्याची वेळ आली कीं प्रथम खूण पाहावयाची. ती असेल तर हमालाजवळ किल्ली असली तरी हरकत नाहीं; पान त्याचेंच आहे. खूण नसेल तर किल्ल्या मोजावयाच्या, आणि जराही संशय आला तर नक्कल करावयाची. गुपितही राखलें गेलें आणि मालही योग्य खोलींत पोंचूं लागला.

याच वेळीं मोजणीवर दुसऱ्या बाजूनेंही ताण पडत होता. स्मृतीचा पसारा वाढला तसा ४,०९६ बाइटांच्या पानांचा हिशेब जड होऊं लागला. म्हणून २०११ पासून लिनक्स ५१२ पानांचें मिळून २ मेगाबाइटांचें एक थोर पान आपोआप वापरूं लागला. २०१६ पासून असें थोर पान एका प्रोसेसनें सबंध जोडावें आणि त्याच वेळीं दुसरीनें त्याचे सुटे तुकडे जोडावे, अशीही मुभा मिळाली. आतां जोडण्या मोजावयाच्या कशा? सबंध जोडण्यांचा एक आंकडा, शिवाय ५१२ तुकड्यांचा प्रत्येकीं एक आंकडा! 'याच्या जोडण्या एकंदर किती?' या साध्या प्रश्नासाठीं इतके आंकडे चाळावे लागत.

त्यावरचा उपाय टप्प्याटप्प्यानें आला. मॅथ्यू विल्कॉक्स यांनीं अनेक पानांचा गट हाच हिशेबाचा घटक मानण्याची कल्पना मांडली. अशा गटास 'फोलिओ' म्हणतात, आणि २०२२ च्या जानेवारींत ती कर्नेलमध्यें आली. २०२४ मध्यें ६.१० या आवृत्तीनें सबंध गटाच्या जोडण्यांची एकच बेरीज ठेवण्याची सोय केली. मे २०२५ मध्यें निघालेल्या ६.१५ या आवृत्तीनें तर प्रायोगिक रूपानें असा पर्याय दिला कीं, गटांतील सुट्या पानांचे आंकडे मुळींच ठेवूं नयेत. त्याऐवजीं गट एकाच प्रोसेसच्या हातीं आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावें. आणि त्याचें उत्तर दोहोंपैकीं एक असावें: 'खात्रीनें एकाचाच', किंवा 'कदाचित् अनेकांचा'. या पर्यायांत प्रमाणशीर वांट्याचा हिशेब सरासरीवर भागवावा लागतो. म्हणजे थोडी अचूकता गमवावी लागते. पण ज्या उत्तरावर कोणाचें गुपित अवलंबून आहे, तें कधींही धोक्याच्या बाजूनें चुकत नाहीं. फार तर एखादी नक्कल विनाकारण होईल. परक्याला पान मिळणार नाहीं.

पंधरा-वीस वर्षें अधिकाधिक काटेकोरपणें मोजण्याचा प्रयत्न झाल्यावर कर्नेलचे कर्ते कमी मोजावयास शिकले, ही या हकीकतींतील शिकण्यासारखी गोष्ट आहे. आंकडा खरा असणें पुरेसें नसतें. तो कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें ठाऊक असावें लागतें. आपल्या संसारांत, संस्थांत, सरकारी दप्तरांत आपण नित्य कांहीं ना कांहीं मोजीत असतों आणि एका प्रश्नासाठीं मोजलेला आंकडा दुसऱ्याच प्रश्नाला लावून मोकळे होतों. तेथें त्याचा परिणाम कळावयास वर्षें लागतात. संगणकांत तो एका निमिषांत कळतो. म्हणूनच दाराची पाटी मोजावी कीं खिशांतली किल्ली, हें ठरविण्याआधीं खोली कोणाची हें विचारण्याची संवय त्या यंत्रानें आपल्या कर्त्यांना लाविली आहे.